ओम्नीत दुसरं इंजिन बसवलंय आणि रेस टिकत नाहीये? इंजेक्टर खोलायच्या आधी हे सगळं तपासा

आमच्याकडे बाबांची १९९६ ची ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलेंडर. त्या गाडीच्या भाड्यावर माझं शिक्षण झालंय, त्यामुळे ती विकायची नाही हे घरात आधीच ठरलेलं. इंजिन पार दमलं तेव्हा तिच्यात वर्साचं १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन टाकलं, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, प्रत्येक सिलेंडरला वेगळा इंजेक्टर), सोळा वॉल्व, गिअरबॉक्स आणि वायरिंगसकट. हे इंजिन का, तर वर्सालाही इंजिन पुढच्या सीटखाली आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, म्हणजे ओम्नीसारखीच मांडणी. माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर यांची कामं निघतातच, पण बसतं ते.

इंजिन बसलं, पहिल्या सेल्फला चालू झालं, आम्ही पेढे वाटले. आठवड्याभरात त्रास सुरू. सकाळी रेस, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, दीड हजारावर अडकायची, गरम झाली की वर-खाली वर-खाली व्हायची, आणि सिग्नलला थांबताना क्लच दाबला की गाडी थरथरून बंद. गॅरेजमध्ये उत्तर एकच मिळालं, इंजेक्टर चोक झालेत. दोनदा साफ केले, मग जुन्या बाजारातून चार इंजेक्टरचा दुसरा सेट आणला, तरी फरक शून्य. शेवटी मल्टिमीटर घेऊन मी स्वतः बसलो तेव्हा कळलं की इंजेक्टरचा दोष होता खरा, पण तो सहाव्या नंबरचा, आधीचे पाच दोष वेगळेच होते आणि त्यातले बहुतेक इंजिनात नव्हते, जुनी गाडी आणि नवीन इंजिन जिथे एकमेकांना जोडलेत तिथे होते.

स्वॅप केलेल्या, म्हणजे दुसरं इंजिन टाकलेल्या गाडीचं हेच वेगळेपण आहे. कंपनीतून आलेल्या गाडीत दहा वर्षांनी रेस बिघडली तर काहीतरी झिजलंय किंवा घाण साचलीय असं धरून चालता येतं. स्वॅपमध्ये तसं नाही, इथे अर्थिंग कुणीतरी हाताने जोडलंय, पेट्रोलची लाइन कुणीतरी ओढलीय, सेन्सरच्या वायरी कुणीतरी लांबवल्यात. म्हणून तपासायचा क्रमच उलटा, आधी जोड आणि मग पार्ट. खाली जे लिहितोय ते वर्सा, जिप्सी, एस्टीमच्या १३०० ला तर लागू आहेच, पण ७९६ सीसी एमपीएफआय किंवा ईकोचं १२०० टाकलं असेल तरी बहुतेक तपासण्या याच, फक्त आकडे त्या त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या.

हाताशी काय लागेल

एक बरा मल्टिमीटर, एक एलईडी टेस्टर, पेट्रोलचं प्रेशर मोजायचं गेज टी-जोडासकट, व्हॅक्यूम गेज, लांब स्क्रू ड्रायव्हर, पाण्याची फवारणीची बाटली आणि एक वही. स्कॅनर मिळाला तर उत्तमच, पण एक लक्षात ठेवा, आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचे दोष स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीचं झालं ते २०१० नंतर, त्यामुळे त्याआधीच्या ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) ऑनलाइन मिळणारा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा जोडलाच जात नाही. सुझुकीच्या जुन्या गाड्या वाचणारा गॅरेजवाला स्कॅनर शोधा, तासाभरासाठी मिळाला तरी पुरे.

आणि सुरक्षितता, हे वाचून सोडून देऊ नका. ओम्नीत इंजिन तुमच्या बुडाखाली आहे, पेट्रोल गळलं तर ते गरम सायलेन्सरच्या पाइपवरच पडणार. एमपीएफआयच्या लाइनमध्ये इंजिन बंद केल्यावरही प्रेशर राहतं, पाइप सोडला की डोळ्यात फवारा. आधी पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून गाडी चालू करा, ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच पाइप सोडा. काम मोकळ्यावर, आग विझवायचा सिलेंडर शेजारी. गाडीला एलपीजी असेल तर टाकीचा वॉल्व आधी बंद.

पहिली पायरी: त्रास नक्की कधी होतो ते लिहून काढा

वही यासाठीच. थंड असताना की गरम झाल्यावर? हेडलाइट लावल्यावर वाढतो का? टाकी पाव झाली की होतो का? चालता चालता थांबतानाच बंद पडते की उभ्या उभ्याही? काळा धूर, पेट्रोलचा वास? मिसिंग एकसारखं ठोक्यावर येतं की अधूनमधून? दोन दिवस गाडी वापरून हे लिहा. माझ्या वहीत "रात्री जास्त" असं बाबांनी लिहिलेलं होतं आणि त्या दोन शब्दांनी माझा पहिला दोष सापडला.

दुसरी पायरी: अर्थिंग

रात्री जास्त, म्हणजे हेडलाइट लागल्यावर जास्त. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर (क्लँपवर नाही, शिशाच्या टोकावर) आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर लावली. इंजिन चालू, लाइट बंद, ०.१५ व्होल्ट. लाइट, वायपर, ब्लोअर सगळं लावलं, ०.९ व्होल्ट! हा आकडा शून्याच्या जवळच हवा, सगळे लोड लावून ०.१ च्या आत, आणि सेल्फ मारताना फार तर ०.२ ते ०.३.

याने रेस का बिघडते, तर ईसीएम सगळे सेन्सर वाचतो ते अर्थच्या तुलनेत. अर्थच पाऊण-एक व्होल्टने वर सरकला तर एमएपी सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल सेन्सर (ॲक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा), ऑक्सिजन सेन्सर सगळ्यांचे आकडे खोटे होतात. ऑक्सिजन सेन्सर तर मुळात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मधेच खेळतो, त्यात एवढी भेसळ झाल्यावर ईसीएमने पेट्रोल कशाच्या भरवशावर मोजायचं?

सीट उचलून बॅटरीची जाड विणलेली अर्थ पट्टी बघितली, तर ती चेसिसच्या रंगावरच आवळलेली. बोल्टच्या टोकावर रंग खरवडला गेला होता तेवढीच काय ती जोड. खाली थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं) काळं पडलेलं, बोटाने हलवलं की हलतंय. रंग पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, थिंबल नवीन, स्टार वॉशर, वर ग्रीस. इंजिन ते चेसिस एक पट्टी, गिअरबॉक्स ते चेसिस दुसरी, बॅटरी ते इंजिन थेट जाड केबल, आणि ईसीएमची अर्थ वायर इंजिनवर तिच्या मूळ जागी, दुसऱ्या कुठल्या बॉडीच्या स्क्रूला नाही. ऑक्सिडेशन कोकणात आणि पावसाळ्यात जास्त, तिकडच्या गाड्यांना दर वर्षी हे बघावंच लागतं.

याच बैठकीत ईसीएमच्या पॉझिटिव्हचंही बघा. किल्ली ऑन, ईसीएमच्या पिनवर येणारा व्होल्टेज आणि बॅटरीवरचा व्होल्टेज यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. स्वॅपमध्ये बऱ्याचदा मेन रिले काढून टाकून ईसीएमची लाइन थेट जुन्या इग्निशन स्विचवरून घेतलेली असते. ओम्नीचा तो स्विच कार्बोरेटरच्या काळातला, एक कॉइल चालवण्यापुरता. त्यावर पंप, इंजेक्टर, कॉइल आणि ईसीएम टाकले की तो गरम होतो आणि व्होल्टेज खातो. रिले लावा, दोन लावा, एक ईसीएमचा आणि एक पंपाचा, फ्यूज वेगवेगळे.

तिसरी पायरी: हवा कुठून चोरून आत येते

रेस वर-खाली होणं, ज्याला सगळे हंटिंग म्हणतात, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण व्हॅक्यूम लीक. स्वॅपमध्ये तर मॅनिफोल्डवर (सिलेंडरांना हवा नेणाऱ्या पाइपांच्या जोडावर) जास्तीची तोंडं उघडी राहिलेली असतात. वर्साच्या मॅनिफोल्डवर ब्रेक बूस्टरची नळी असते, तुमच्या ओम्नीला बूस्टरच नसेल तर त्या तोंडाला रबरी टोपी लावलेली असते, ती दोन उन्हाळ्यात भेगाळते. कॅनिस्टरची (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेची) नळी, पीसीव्हीची (इंजिनातल्या वाफेची) नळी, एमएपी सेन्सरची बारीक नळी, प्रेशर रेग्युलेटरची नळी, थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग आणि इंजेक्टरच्या खालच्या सील, हे सगळे संशयित.

लोक कार्ब क्लीनर मारून बघतात, गरम इंजिनवर ते पेटू शकतं म्हणून मी पाणी वापरतो. इंजिन चालू ठेवून एकेका जोडावर बारीक पाण्याचा फवारा, कॉइल आणि कनेक्टर वाचवून. जिथे लीक आहे तिथे पाणी क्षणभर भेग बुजवतं आणि रेस लगेच बदलते, आवाजही बदलतो. मला एक टोपी आणि दोन नंबरच्या इंजेक्टरची खालची सील अशी सापडली.

व्हॅक्यूम गेज असेल तर आकडा थेट कळतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लो रेसला (पाय पेडलवर नसताना) साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. उंचीवर दर हजार फुटाला इंचभर कमी धरा, म्हणजे महाबळेश्वरात चार-साडेचार इंच कमी आलं तर घाबरू नका. काटा ठरावीक ठोक्यावर झटका देत असेल तर एखादा वॉल्व नीट बसत नाहीये, तो विषय पुढे येतो.

सायलेन्सरचीही एक बाजू आहे. स्वॅपमध्ये एक्झॉस्टचा पाइप स्थानिक वेल्डरने बनवलेला असतो. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी वेल्डिंगच्या टाक्यात बारीक भोक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीएम वाढवत बसतो. काळे प्लग आणि सेन्सर म्हणतो लीन, असं उलटसुलट चित्र दिसलं की आधी तो टाका बघा.

चौथी पायरी: इंजिन खरंच गरम होतंय का

हा आपल्याकडचा खास रोग. गाडी गरम होते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकतात. कार्बोरेटरच्या गाडीत ते खपून जायचं, एमपीएफआयमध्ये नाही खपत. थर्मोस्टॅट नसला की हायवेला पाणी पन्नास-साठ अंशाच्या वर जातच नाही, ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो चोक दिल्यासारखं जास्तीचं पेट्रोल देत राहतो आणि रेसही वर ठेवतो. ॲव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, आणि दोष इंजेक्टरवर जातो.

माझ्या गाडीतही थर्मोस्टॅट नव्हता. नवीन टाकला, रेडिएटर मोठा केला, फॅनचा स्विच नीट बसवला. ओम्नीत इंजिन सीटखाली कोंडलेलं असतं, म्हणून गरम होण्याचं उत्तर रेडिएटर, फॅन आणि हवेची वाट यातच शोधायचं.

सेन्सरही तपासा. इंजिनवर पाण्याचे दोन सेन्सर असतात, एक मीटरच्या काट्याचा आणि एक ईसीएमचा, आणि स्वॅपमध्ये दोघांच्या वायरींची अदलाबदल मी स्वतः बघितलीय. ईसीएमवाल्याचा कनेक्टर काढून ओहमवर मोजा, २० अंशाला साधारण अडीच हजार ओहम, ८० अंशाला साधारण तीनशेच्या आसपास. थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा, मधे कुठे आकडा उडी मारत असेल तर सेन्सर बदला, फार महाग नसतो.

पाचवी पायरी: थांबताना बंद पडणं आणि आयएससी वॉल्व

याने मला सगळ्यात जास्त छळलं. उभी गाडी बरी, चालता चालता क्लच दाबून थांबायला गेलं की बंद. कारण निघालं स्पीडचा सिग्नल. ईसीएमला गाडी चालतेय की उभी आहे हे कळावं लागतं, कारण चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की तो पेट्रोल तोडतो आणि रेस खाली येताना आयएससी वॉल्व (स्लो रेसची हवा कमी-जास्त करणारा) आधीच थोडा उघडून गाडीला सावरतो. सुझुकीच्या कित्येक जुन्या गाड्यांत हा स्पीड सेन्सर मीटरच्या आत असतो, केबल फिरते आणि मीटरमधला रीड स्विच पल्स देतो. आपण स्वॅपमध्ये मीटर ओम्नीचाच ठेवतो, दिसायला बरा म्हणून, आणि सिग्नल मीटरसकट जातो. वर्साचा मीटर बसवा, नाहीतर गिअरबॉक्स आणि केबलच्या मधे बसणारा पल्स सेन्सर मिळतो तो लावा. किती पल्सचा हवा ते मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या.

मग आयएससी वॉल्व. थ्रॉटल बॉडी काढा, फुलपाखराच्या (हवेची वाट उघडणाऱ्या गोल झडपेच्या) कडेचा काळा थर आणि आयएससीची वाट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करा, नवीन पॅकिंग टाका. वॉल्वच्या सुईला बोटाने ढकलून आत-बाहेर करू नका, आतले दाते जातात. थ्रॉटल सेन्सर बंद स्थितीत अर्धा ते एक व्होल्टच्या दरम्यान आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला की कुठेही न तुटता चारच्या वर जायला हवा. ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली असेल तर फुलपाखरू पूर्ण बंदच होत नाही, मग ईसीएमला वाटतं पाय अजून पेडलवर आहे आणि तो रेस सांभाळायचं सोडून देतो. ओम्नीची केबल वर्साच्या थ्रॉटलला जोडली असेल तर थोडी ढिलाई हवीच. रेस कमी म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू पिळायची सवय सोडा, त्याने रोग झाकला जातो आणि पुढच्याला शोधताही येत नाही.

एमएपी सेन्सर पटकन बघता येतो. किल्ली ऑन, इंजिन बंद, साधारण साडेतीन ते चार व्होल्ट, इंजिन स्लोला एक-दीड. स्लोला दोनच्या वर असेल तर एकतर नळी फाटलीय किंवा व्हॅक्यूमच कमी बनतोय.

सहावी पायरी: पेट्रोलचं प्रेशर

आता कुठे आपण पेट्रोलकडे आलो. कार्बोरेटरच्या ओम्नीत इंजिनवर बसलेला मेकॅनिकल पंप असायचा, तो पाव बारच्या आसपास प्रेशर द्यायचा. एमपीएफआयला तीन बारच्या घरात लागतं, म्हणजे दहापट. त्यामुळे पंप बदलला एवढ्यावर भागत नाही, पाइप, क्लिप, फिल्टर, टाकी सगळंच त्या दर्जाचं लागतं. साधा रबरी पाइप तीन बारला फुगतो आणि एक दिवस फाटतो. इंजेक्शनच्या प्रेशरचा शिक्का असलेलाच पाइप घ्या. त्यात आता पंपावर ई२० पेट्रोल मिळतं, वीस टक्के इथेनॉलचं, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर त्याला टिकेलच असं नाही, मऊ पडून त्याचे काळे कण थेट इंजेक्टरच्या जाळीत येतात. जुने पाइप सरसकट बदलून टाका. इथेनॉल पाणीही ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर टाकीच्या तळाशी पाणी जमायची शक्यता धरा.

गेज रेलच्या (चारही इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या पाइपच्या) आधी टी-जोडाने लावा. पंप चालू, इंजिन बंद, या इंजिनाला साधारण २.७ ते ३.१ बार. इंजिन चालू करून स्लो रेसला साधारण २.१ ते २.६. हा फरक बरोबर आहे, रेग्युलेटरला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम मिळतो म्हणून स्लोला प्रेशर उतरतं. रेग्युलेटरची नळी काढली की प्रेशर वर गेलं पाहिजे. आणि ती नळी हुंगून बघा, आत पेट्रोलचा वास किंवा ओल असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातंय.

माझ्याकडे स्लोला ३.४ आला. पंप चांगला, रेग्युलेटर नवीन, तरी जास्त. रिटर्नचा (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारा) पाइप रेलजवळ सोडून मोठ्या डब्यात धरला, प्रेशर लगेच २.५ वर. म्हणजे टाकीकडे जाणारी जुनी रिटर्न लाइन बारीक पडत होती, कार्बोरेटरच्या थेंबभर रिटर्नसाठी बनवलेली, आणि एका वळणावर चेपलेलीही. जाड लाइन टाकली, सुटलं. प्रेशर जास्त म्हणजे प्रत्येक इंजेक्टर प्रत्येक उघडीला जास्त पेट्रोल टाकणार, हे इंजेक्टर साफ करून कसं बरं होईल?

प्रेशर कमी असेल तर रिटर्न हलकेच क्षणभर चिमटून बघा. वर चढलं तर पंप ठीक, रेग्युलेटर ढिला. नाही चढलं तर फिल्टर, पंपाचा व्होल्टेज (चालू पंपाच्या टोकावर मोजा, १२ च्या खाली नको) आणि मग पंप. बाहेर बसवलेला पंप टाकीच्या तळापेक्षा वर असेल तर पाव टाकीला तो हवा ओढायला लागतो, उन्हात तर आवाजही बदलतो, किरकिर करतो. असे पंप ढकलायला बनलेत, ओढायला नाही. टाकीच्या खालच्या पातळीला घ्या, किंवा एमपीएफआय ओम्नीची टाकी आतल्या पंपासकट बसवा, मला तोच मार्ग पटतो.

इंजिन बंद केल्यावर मिनिटभराने दोन बारच्या आसपास प्रेशर टिकायला हवं. लगेच कोसळत असेल तर पंपाचा चेक वॉल्व, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. पंपाकडची लाइन चिमटून टिकलं तर पंप, रिटर्न चिमटून टिकलं तर रेग्युलेटर, दोन्ही चिमटूनही पडत असेल तर इंजेक्टर.

सातवी पायरी: आता इंजेक्टर

गाडी पूर्ण गरम, स्लो रेस. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगावर, मूठ कानाला. चौघांची टिकटिक सारखी हवी. एखादा मुका असेल तर आधी वायर, मग तो.

मग एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून रेस किती पडते ते बघा. स्पार्कची वायर काढून हे करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिकमध्ये (धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये) जातं. एक मेख आहे, ईसीएम आयएससी उघडून रेस सावरतो, म्हणून काढल्या क्षणीची पडझडच मोजा, किंवा आयएससीचा कनेक्टर तेवढ्यापुरता काढून ठेवा. जो सिलेंडर काढल्यावर फरकच पडत नाही, तो आळशी. माझा तीन नंबर.

आळशी सिलेंडर सापडला म्हणून इंजेक्टर खराब ठरत नाही. प्लग दुसऱ्या सिलेंडरच्या प्लगशी बदला, मग प्लगची वायर, मग कॉम्प्रेशन बघा. चारही सिलेंडरच्या आकड्यांत पंधरा पीएसआयपेक्षा जास्त फरक नको. जुन्या बाजारातून आणलेलं इंजिन असेल आणि ते एलपीजीवर पळालेलं असेल तर वॉल्वच्या सीटा बसून टॅपेटचा (वॉल्वच्या वरचा बारीक) गॅप संपलेला असतो, स्लोला मिसिंग आणि वर रेस दिली की बरं, हे त्याचं लक्षण. टॅपेट सेट करून पुन्हा मोजा.

एवढं करूनही तोच सिलेंडर आळशी राहिला तर तीन नंबरचा इंजेक्टर एकात आणि एकचा तीनमध्ये टाका. दोष इंजेक्टरबरोबर एकावर गेला तर इंजेक्टर, तीनवरच राहिला तर वायरिंग किंवा इंजिन. दर वेळी ओ-रिंग नवीन, थोडं इंजिन ऑइल लावून, आणि बसल्यावर इंजेक्टर बोटाने फिरायला हवा.

वायरिंग असं बघा. किल्ली ऑन, कनेक्टरच्या एका पिनवर बॅटरीचा व्होल्टेज. दुसरी पिन ईसीएम अर्थला खेचतो, तिथे एलईडी टेस्टर लावून सेल्फ मारा, लुकलुकला पाहिजे. चौघांची लुकलुक सारखी हवी. वायरी लांबवताना इंजेक्टरचे कनेक्टर उलटसुलट झालेले असतील तर इंजिन चालतं, पण स्लोला बेचैन राहतं, म्हणून ईसीएमच्या पिनपासून इंजेक्टरपर्यंत प्रत्येक वायर बजरने मोजून वहीत लिहा. इंजेक्टरचा रेझिस्टन्स या प्रकारात साधारण ११ ते १४ ओहम, चौघांचा जवळपास सारखा, आणि गरम असतानाही मोजा, काही फक्त गरम झाल्यावर उघडे पडतात. दोन-तीन ओहमवाले इंजेक्टर चुकूनही लावू नका, ईसीएमचा ड्रायव्हर जळेल. मी आणलेल्या जुन्या सेटमध्ये दोन इंजेक्टर दुसऱ्याच नंबरचे होते, दिसायला हुबेहूब. अंगावरचा नंबर चारही वर एकच आहे ना, हे दुकानातच बघा.

शेवटी गळती आणि फवारा. रेल इंजेक्टरसकट बाहेर काढा, इंजेक्टर रेलला तारेने घट्ट बांधा, बॅटरी आणि कॉइलपासून लांब घ्या, पंप चालू करा. मिनिटाला एक थेंबही जास्तच समजा. माझा तीन नंबर टपटप गळत होता, मिनिटाला सात-आठ थेंब, टोकावर चिकट तपकिरी थर. सकाळी सेल्फ जास्त मारावा लागायचा आणि पहिल्या मिनिटाला पेट्रोलचा वास यायचा, त्याचं कारण हे. फवारा आणि मोजमाप मात्र फ्लो बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या मशीनवर) करून घ्या, घरी बॅटरीचे बारा व्होल्ट थेट लावून इंजेक्टर उघडा धरला तर कॉइल जळते. बेंचवर चौघांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, आणि साफ करायच्या आधीचेही आकडे मागून घ्या.

जाळी उघडली तेव्हा आत लालसर चिखल होता, टाकीचा गंज. टाकी न बदलता इंजेक्टर साफ केले होते म्हणून दोनदा तोच प्रकार झाला. एलपीजीवर गाडी चालवत असाल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास पेट्रोलवर पळवा, नुसते बसून राहिलेले इंजेक्टर चिकटतात.

स्कॅनर मिळाला तर

फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) देतोय. स्लोला अधिक वीस आणि अडीच हजार रेसला शून्याजवळ, म्हणजे व्हॅक्यूम लीक. दोन्हीकडे अधिक, म्हणजे प्रेशर कमी किंवा इंजेक्टर चोक. दोन्हीकडे उणे, म्हणजे प्रेशर जास्त किंवा गळका इंजेक्टर. स्कॅनर नसेल तर पीयूसी सेंटरवाल्या दादांना विनंती करा, मशीनवर सीओ आणि एचसीचे आकडे दिसतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, सीओ कमी पण एचसी भरपूर म्हणजे मिसिंग.

आरटीओचं एकच सांगतो. इंजिन बदल हा मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येतो, परवानगी आणि आरसीवर नवीन इंजिन नंबरची नोंद लागते, इंजिनाचं बिल जपून ठेवा. नोंद नसेल तर अपघातात विम्याचा क्लेम अडकू शकतो, आणि ओम्नीत माणसं बसतात.

सगळं झाल्यावर बॅटरी दहा मिनिटं काढून ठेवा, मग गाडी काहीही लोड न लावता पूर्ण गरम होईपर्यंत स्लोवर ठेवा, ईसीएम स्लो रेस पुन्हा शिकतो. त्यानंतर लाइट, ब्लोअर एकेक लावून बघा, आठशेच्या आसपास टिकली पाहिजे. मग पाव टाकीवर, भर दुपारी, एका घाटात चढवून वर थांबवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा चालू करा. आमची ओम्नी आंबा घाटात अशी तीनदा थांबवली, तिन्ही वेळा पहिल्या सेल्फला उठली, आणि बाबांनी वहीत त्या दिवशीची तारीख आणि "रेस ८२०" एवढंच लिहिलं. वही अजून डॅशबोर्डच्या खणात आहे, वायरींच्या रंगांच्या यादीसकट.